आधी हात धुऊन या

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणावरून)



चिनी कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात वस्तू हाताळायला कशा शिकवतात, हा विषय फळ्यावर वाचून काहीजण वाट चुकलो की काय म्हणून बाहेर डोकावले, हे मी पाहिलं. मीही अध्यक्षांना म्हटलं होतं, की गणपतीत हे कोण ऐकणार? ते म्हणाले, "ताई, तुमचं आयुष्य कपाटं उघडण्यात गेलं, त्यातलंच सांगा." तेव्हा दोष त्यांचा.

चतुर्थीला आपण मूर्ती घरी आणली तेव्हा कशी धरली, ते आठवा. दोन्ही हात पाटाखाली. सोंडेला किंवा वरदहस्ताला धरून कोणी उचललं नाही. वाटेत डोक्यावर रुमाल, दारात आधी जागा मोकळी केलेली, आणि मगच मूर्ती आत. संग्रहालयात वस्तू उचलायचे नियम याहून फारसे वेगळे नाहीत. वजन जिथे आहे तिथे हात हवा, आणि उचलण्याआधी ठेवायची जागा तयार हवी. हे आपल्याला घरात आजोबांनी शिकवलं. मला मात्र नोकरीत पुन्हा शिकावं लागलं, आणि तेही एक किटली मोडून.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९४ साली संग्रहालय काढलं, आणि १९५२ पासून विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं, हे इथे सांगायची गरज नाही. मीही हा विषय शिकले, लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवले. नोकरीला लागले (कुठे ते सांगत नाही, चूक माझी होती) आणि दुसऱ्याच आठवड्यात निळी नक्षी असलेली एक चिनी किटली कपाटातून काढली. कशी? घरी चहाची किटली धरतो तशी, कानाला धरून. तो कान पूर्वी कधीतरी तुटून सरसाने चिकटवलेला होता. कान माझ्या हातात राहिला, किटली खाली गेली.

मी रडायला लागले. आमचे शिपाईकाका जमिनीवर बसले, एक ताट मागवलं, त्यात मऊ फडकं घातलं आणि कपच्या वेचू लागले. अगदी तांदळाएवढीसुद्धा कपची सोडली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी तुकडे, बाई. रडणं मागाहून." त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. चिनी भांड्याला हातमोजे घालून हात लावायचा नाही, कारण ते निसटतं, आणि पितळ-काशाला मात्र घालायचे, कारण घामातलं मीठ धातूला खातं, हे मला पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळलं. भांडं उलटं करून बुडाचा कडा बघायचा, तिथे झिलई नसते, आतली माती उघडी दिसते आणि भांड्याची खरी जात तिथे कळते, हेही त्यांनीच दाखवलं. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ दिलं. त्यांना माहीत असलेलं कोणी लिहून घेतलं नाही. मीही नाही.

आता अमेरिकेकडे. माझी भाची तिथे चिनी चित्रकलेत पीएच्‌.डी. करते. तिथल्या विद्यापीठांत एक काळ असा होता की विद्यार्थ्याच्या हातात वस्तू देऊनच शिकवत. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात पॉल सॅक्स यांनी १९२० च्या दशकात असा वर्ग सुरू केला आणि त्यातून अमेरिकेतल्या संग्रहालयांचे कितीतरी संचालक तयार झाले. पुढे दिवे विझवून पडद्यावर चित्र दाखवणं सोपं झालं, आता तर फोनवर बोटांनी चित्र हवं तेवढं मोठं होतं. मुलं हुशार, चिनी भाषा उत्तम, सिद्धांत तोंडपाठ, पण एकही जुनं चित्र स्वतः उलगडलेलं नाही. ही उणीव जाणवली म्हणून मेलन फाउंडेशनच्या पैशातून, वॉशिंग्टनच्या फ्रीअर आणि सॅकलर संग्रहालयांच्या पुढाकाराने, चिनी कलेच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आठवडाभराच्या कार्यशाळा सुरू झाल्या. मोजकी मुलं, एखाद्या संग्रहालयाची मागची खोली, आणि टेबलावर खऱ्या वस्तू.

भाची तशाच एका वर्गाला गेली होती. पहिलं वाक्य कानावर पडलं ते "आधी हात धुऊन या." अंगठी, बांगडी, गळ्यातलं, सगळं काढून ठेवलं. पेन बंद, फक्त पेन्सिल. पहिल्या दिवशी काशाचं एक पूजापात्र उचलायला दिलं. ती म्हणाली, "मावशी, इतकं जड असेल असं वाटलंच नव्हतं. फोटोला वजन नसतं गं." चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वी अशी भांडी मातीच्या साच्याचे तुकडे जोडून ओतत. जोडाची रेघ कुठे राहिली आहे, ती कुठे घासून काढली आहे, हे तिने विजेरी तिरपी धरून शोधलं.

पण खरी गोष्ट घडली ती चित्राच्या बाबतीत. चिनी आडवी गुंडाळी भिंतीवर टांगायची नसते. आपल्याकडे जुनी जन्मपत्रिका असते तशी ती गुंडाळून ठेवलेली असते, फक्त ती आडवी, आणि उजवीकडून डावीकडे उघडायची. डाव्या हाताने थोडी उलगडायची, उजव्या हाताने पाहून झालेला भाग गुंडाळत जायचा. डोळ्यांसमोर एका वेळी दोन हातांत मावेल एवढंच चित्र. पुढे काय येणार ते माहीत नाही, मागचं आठवणीत. मध्ये जुन्या मालकांचे लाल शिक्के, शेवटी त्यांचे अभिप्राय. चियेनलुंग बादशहाला तर शिक्के मारायची इतकी हौस, की काही चित्रांत मोकळी जागा शोधावी लागते.

भाचीने एका गुंडाळीवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. चित्रात एका टोकाला निरोप घेणारा माणूस, पुढे बऱ्याच अंतरावर दारात उभी बाई, आणि ती दोघं एकमेकांकडे पाहताहेत, असा तिचा मुद्दा होता. संगणकावर सगळं चित्र एका पट्टीत दिसतं, तिथे ते तसंच वाटतं. टेबलावर तिने स्वतःच्या हाताने ती गुंडाळी उलगडली, तेव्हा बाई दिसू लागेपर्यंत माणूस कधीच उजव्या हातात गुंडाळला गेला होता. दोघं एका वेळी दिसतच नाहीत. तिने परत मागे जाऊन पाहिलं, हात ताणून पाहिलं, शेवटी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पुरे, रेशमावर ताण येतो. रात्री फोनवर मला म्हणाली, "मावशी, माझं प्रकरण गेलं." मी तिला काय सांगणार? शिपाईकाकांचं वाक्य सांगितलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. हात लावला की सत्य कळतंच असं नाही. चांग दा-छियेन नावाचे विसाव्या शतकातले मोठे चित्रकार जुन्या चित्रांच्या नकला करण्यात इतके वाकबगार, की भलेभले फसले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'रिव्हरबँक' नावाचं एक चित्र आहे. संग्रहालय ते दहाव्या शतकातलं मानतं, तर जेम्स केहिल यांच्यासारखा मोठा अभ्यासक म्हणत राहिला, की ते चांग यांचंच काम. १९९९ साली त्यावर तिथे परिसंवाद झाला, आणि दोन्ही बाजूंना आयुष्यभर चित्रं हाताळलेली माणसं होती.

आणि हात लावायची परवानगी कोणाची, हाही प्रश्न आहेच. याच हार्वर्डच्या लँग्डन वॉर्नर यांनी १९२४ साली तुनह्वांगच्या लेण्यांत भिंतीवरच्या चित्रांना सरस लावलेलं कापड चिकटवून चित्रांचे तुकडे सोलून काढले आणि अमेरिकेला नेले. तिथे आजही ते अभ्यासाला मिळतात. भाचीला म्हटलं, टेबलावरच्या वस्तूला हात लावशील तेव्हा ती टेबलापर्यंत कशी आली तेही विचार. ती म्हणाली, आम्हाला ते विचारायला शिकवतात. बरं वाटलं.

आपल्याजवळचं सांगायचं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. पुढच्या वेळी गेलात तर भांड्यांपुढे जरा थांबा, आणि काचेतून दिसत असेल तर बुडाकडे बघा. आपल्यापैकी कोणाच्या पारशी शेजाऱ्यांकडे जुना गारा असेल, तर त्यावरचं चिनी भरतकाम उलट बाजूनेही पाहायला मागा. हात धुऊन.

भाचीने ते प्रकरण काढून टाकलं आणि नव्याने लिहायला घेतलं. आता त्यात चित्र उलगडण्याचा वेग, आणि माणूस हातात गुंडाळला गेल्यावर दारात दिसणारी ती बाई, एवढंच आहे. पदवी एक वर्ष लांबली. माझी बहीण अजून मला फोनवर विचारते, "एक गुंडाळी उघडायला वर्ष लागतं का गं?"