रक्तातली तूट नेमकी कशाची?



बँकेत हिशेब जुळला नाही, की तूट कुठे आहे ते आधी शोधावं लागायचं. रक्ताचंही तसंच. ‘रक्त कमी’ म्हटलं, की आपण लोहाच्या गोळ्या आणतो. पण तूट जीवनसत्त्वाचीही असू शकते.

१९२८ साली डॉ. लुसी विल्स मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टचा साधा अर्क दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे कळलं. आपल्या कवठे येमाईच्या शिवारातल्या मेथी-पालकात, हरभऱ्यात ते असतंच.

बी-१२ मात्र भाजीत नसतं. ते दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. उतारवयात ते अंगी नीट लागतही नाही. अशा वेळी नुसत्या फॉलिकच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

म्हणून थकवा, जिभेची आग, पायाला मुंग्या हे ‘आता वय झालं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, तपासणी करा. तूट वेळेत कळली, तर भरून निघते.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.