पुण्याच्या मंडईचें नांव



ज्याच्या घरची भाजी कधीं पुण्याच्या मंडईंत गेली नाहीं असें घर आपल्या भागांत विरळाच. पण ती इमारत उभी कशी राहिली आणि तिला फुल्यांचें नांव कसें मिळालें, हें शाळेंत विचारलें कीं मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून आज आम्हीं हाच विषय घेतला आहे.

पूर्वीं भाजीबाजार भरे तो शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणांत. वाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि १८२८ च्या आगींत आंतील महाल जळून गेले. तट व दिल्ली दरवाजा तेवढा उरला. ज्या दरवाजापुढें मानकऱ्यांचे मुजरे झडत, तेथें माळणी व बागवान पाट्या मांडून बसूं लागले. डोक्यावर ऊन, पायाखालीं चिखल!

मग नगरपालिकेनें शुक्रवार पेठेंत पक्की मंडई बांधण्याचें ठरविलें. त्या वेळीं जोतीराव फुले सभासद होते. १८७६ पासून ते तेथें बसत. १८८० सालीं लॉर्ड लिटनच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हां विरुद्ध मत देणारे तेच एकटे. मंडईच्या मोठ्या खर्चासही त्यांनीं हरकत घेतली आणि हा पैसा शिक्षणाकडे लावा असें सांगितलें. कोणी म्हणेल, माळ्याच्या मुलानें माळ्यांच्याच मंडईला विरोध करावा? आमच्या मतें त्यांत विसंगति कांहीं नाहीं. जकातीच्या पैशानें भरणारी तिजोरी प्रथम कोणासाठीं उघडावी, एवढाच तो प्रश्न होता.

तरी मंडई झाली. १८८६ सालीं ती उघडली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला दिलें. मध्यें अष्टकोनी मनोरा, भोंवतीं पसरलेले सोपे. इमारत खरोखर देखणी आहे, हें कबूल केलें पाहिजे. जोतीराव १८९० सालीं वारले, म्हणजे त्यांच्या हयातींतच ती उभी होती.

परदेशांतही चौकांचीं नांवें अशींच पालटलीं आहेत. पॅरिस शहरांत एका चौकांत पंधराव्या लुई राजाचा पुतळा होता. १७९२ सालीं लोकांनीं तो पाडला आणि चौकास क्रांतीचें नांव दिलें. १७९५ सालीं तेंही काढून सलोख्याचें दिलें.

पुण्यांत पाडापाड झाली नाहीं, भांडण मात्र झालें. १९२४ सालीं मंडईच्या आवारांत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. मोतीलाल नेहरूंनीं तो उघडला. पुढच्याच वर्षीं केशवराव जेध्यांनीं नगरपालिकेंत ठराव मांडला कीं जोतीराव फुल्यांचाही पुतळा शहरांत असावा. ठराव फेटाळला गेला! ज्या माणसानें ह्याच शहरांत १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, जो ह्याच सभागृहांत बसला, त्याला हातभर जागा मिळेना. त्या वर्षीं पुण्यांत जी चिखलफेक झाली ती दोन्ही बाजूंनीं झाली. तिचा पाढा आम्ही वाचीत नाहीं.

पुढें १९३८ च्या सुमारास, आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां, रे साहेबांचें नांव गेलें आणि महात्मा फुल्यांचें आलें. ज्या खर्चाला जोतीरावांनीं हरकत घेतली, त्याच खर्चाच्या भिंतींवर त्यांचें नांव लागलें.

आतां घाऊक माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत उतरतो, मंडईंत किरकोळ विक्री चालते, आणि २०२४ पासून तेथें भुयारी मेट्रोचें स्थानकही झालें आहे. बाजाराला जाल तेव्हां पोरांना बरोबर न्या, मनोरा दाखवा, आणि शनिवारवाड्यापर्यंत पायीं चालवा. फार लांब नाहीं.