विहाराची माडी



आम्ही गिरणी कामगार, इंजिनिअर नाही. पण वेरूळचं पाच नंबरचं लेणं पाहिलं आणि इमारत माणसांसाठी कशी असते ते उमगलं. शंभर फुटांहून लांब हॉल, आणि दाराकडून मूर्तीकडे जाणाऱ्या बुटक्या दगडी बाकांच्या दोन रांगा. कोणी म्हणतं भिक्खू इथं जेवत, कोणी म्हणतं पाठ घेत. दोन्ही होत असेल! लोक त्याला ‘महारवाडा’ म्हणत आले. नाव कोणी का ठेवलं ते असो, हॉल आपल्या कामाचा आहे.

आपल्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, त्यात टीव्ही चालू. दहावीच्या पोरीनं पुस्तक उघडायचं कुठं? म्हणून आम्ही म्हटलं, विहारावर माडी चढवा, अभ्यासिका करा. तर आक्षेप आला, मूर्तीच्या डोक्यावर पोरं चालणार! अहो, वेरूळचंच बारा नंबरचं लेणं तीन मजली आहे. खालीही बुद्ध, वरही बुद्ध. तरी काहीजण आमच्याशी बोलेनासे झाले. चालायचंच.

जिना बाहेरून पाहिजे, म्हणजे खाली लग्न असो की शोकसभा, पोरांना उठावं लागणार नाही. खिडक्या उत्तरेला. मुलींसाठी वेगळा संडास, तो पहिल्या दिवसापासून. घुमटाचे पैसे नंतर मागू.