वही तपासल्याशिवाय खरं कळत नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी पाच मिनिटांत सांगायचं, असं संयोजकांनी कळवलं होतं. माझं ऑफिसचं काम म्हणजे दिवसभर पडद्यापुढे बसून प्रोग्रॅम लिहिणं. ते ऐकताना तुमचं लक्ष पंगतीकडेच जाईल. म्हणून घरच्या एका यंत्राबद्दल बोलते.

माझा धाकटा भाऊ याच शाळेत आपल्या मागे तीन वर्षं होता. तो लाकडी नावाच्या पाट्या कोरतो. अंगठ्याला दुखापत झाली आणि त्याला पटाशी धरवेना. तेव्हा आम्ही दोघांनी घरीच एक छोटं सीएनसी यंत्र जोडलं. प्लायचा सांगाडा, तीन स्टेपर मोटारी, अर्डुइनो उनो बोर्ड आणि त्यावर चालणारं जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर. संगणकावर नाव लिहायचं, की कोरणारं बिट फळीवर तसंच फिरतं. वर्षभर छान चाललं. त्याचं घर त्याच्यावर चालू लागलं.

मागच्या उन्हाळ्यात मात्र अक्षरं शिरोरेषा सोडू लागली. पहिली तीन सरळ, पुढची दोन मिलिमीटर खाली. सागाच्या फळ्या वाया जाऊ लागल्या आणि ऑर्डरी अंगावर होत्या. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, तिन्ही मोटारी बदला. भाऊ यंत्र विकून टाकायच्या गोष्टी करू लागला.

स्टेपर मोटार पंख्यासारखी नुसती फिरत नाही, पावलं मोजत फिरते. आमच्या मोटारीची एक फेरी 200 पावलांची, म्हणजे एक पाऊल 1.8 अंशांचं. मोटारीला वीज पुरवणारा ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचे 16 भाग करतो. स्क्रू एका फेरीत 8 मिलिमीटर सरकवतो. हिशेब केला तर एका मिलिमीटरला 400 बारीक पावलं. गोम अशी, की बोर्ड फक्त हुकूम सोडतो. पाऊल खरंच पडलं का, हे त्याला कधीच कळत नाही. ‘समजलं का?’ असं विचारल्यावर आपला अख्खा वर्ग ‘हो’ म्हणायचा, तसंच हे. म्हणून तर बाई वह्या तपासायच्या. आम्हीही तेच करायचं ठरवलं, आणि एका वेळी एकच गोष्ट.

आधी चूक कोणत्या जातीची ते पाहिलं. 100 मिलिमीटर सांगून दरवेळी 98च जात असतील, तर सेटिंगचा आकडा चुकलेला असतो. दिशा उलटताना दरवेळी तेवढंच अंतर कमी पडत असेल, तर स्क्रू आणि नटमध्ये ढिलेपणा असतो. पण शून्यावर परत बोलावल्यावर यंत्र दरवेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असेल, तर पावलं हरवत असतात. आमचं हे तिसरं होतं, आणि तेही फक्त उभ्या दिशेत.

मग मोटारीचा दांडा, कपलिंग आणि स्क्रू यांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढली. कपलिंग घसरलं असतं तर रेघ तुटली असती. ती जुळलेलीच राहिली. बिट वर उचलून नुसतं हवेत चालवलं. तरीही पावलं हरवली, म्हणजे लाकडाच्या भाराचाही दोष नव्हता. मग वीज पूर्ण बंद करून दोन मोटारींच्या वायरी ड्रायव्हरवर अदलाबदल केल्या. वीज चालू असताना मोटारीची वायर काढली तर ड्रायव्हर जळू शकतो, हे मुलांना आवर्जून सांगा. आता अक्षरं आडवी सरकू लागली. मोटार निर्दोष सुटली, संशय ड्रायव्हरवर आला.

वेळेची नोंद ठेवली तेव्हा उलगडा झाला. सकाळी थंड यंत्र चोख चालायचं, पाऊण तासाने बिघडायचं. डबा उघडला, तर त्या ड्रायव्हरच्या चिपवर चिकटवलेली ॲल्युमिनियमची हीटसिंक निसटून बाजूला पडली होती. चिप फार तापली, की स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर मोटारीची वीज तोडते. तेवढ्यात आलेले हुकूम वाया जातात. हीटसिंक पुन्हा चिकटवली, डब्याला छोटा पंखा बसवला. खर्च काही शे रुपये. मोटारी त्याच. दोन तास यंत्र हवेत चालवून शून्यावर बोलावलं, तर बिटचं टोक पेन्सिलच्या खुणेवर नेमकं टेकलं.

कुणाच्या घरी असं यंत्र असेल तर आणखी दोन गोष्टी. मोटार नुसती थरथरत गुणगुणत असेल, तर आधी तिच्या चार वायरींच्या दोन जोड्या मल्टिमीटरने तपासा. जोडी चुकलेली किंवा वायर तुटलेली असू शकते. वेगात अडकत असेल, तर वेग आणि वेग वाढण्याचा दर कमी करा, कारण वेग वाढला की या मोटारीचा जोर कमी होतो. नवी मोटार आणायचा विचार त्यानंतर.

आपल्या तुकडीने शाळेच्या वाचनालयाला दिलेली सागवानी पाटी भावाने याच यंत्रावर कोरली आहे. बाई, जाताना तिच्या शिरोरेषेवरून एकदा बोट फिरवा. वही तपासायला ठेवली आहे.