कीड धुरा पाहत नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आपण माशांच्या किडीबद्दल बोलणार आहोत. कापूस-ज्वारीवाल्यांना समुद्रातल्या माशाशी काय करायचं, असं कुणी विचारील. पण इमामेक्टिन बेन्झोएट हे नाव आपल्याला ठाऊक आहे. बोंडअळीसाठी आपण ते पंपात घालतो. नॉर्वे आणि चिलीत तेच औषध सालमन माशाच्या खाद्यात मिसळतात.

तिथं समुद्राच्या खाड्यांत जाळ्यांचे पिंजरे सोडून सालमन पाळतात. एकेका पिंजऱ्यात लाख-लाख मासे. या माशाला ऊ लागते. ती कातडी कुरतडते, रक्त पिते. तिची पिलं पाण्याबरोबर वाहत शेजाऱ्याच्या पिंजऱ्यात जातात. नदीतून समुद्राकडे निघालेल्या जंगली सालमनच्या कोवळ्या पिलांनाही ती धरते. दहा-बारा उवा लागल्या तरी असं पिलू मरू शकतं.

२००० च्या सुमारास इमामेक्टिन आलं आणि उवा साफ झाल्या. सोयीचं म्हणून सगळ्यांनी पुन्हा पुन्हा तेच दिलं. दहा वर्षांच्या आत चिलीत आणि नॉर्वेत त्याला दाद न देणाऱ्या उवा निघाल्या. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीनचीही तीच गत झाली.

त्यात २००७ साली चिलीत सालमनच्या रक्तक्षयाचा विषाणू पसरला. खाड्या गच्च भरलेल्या, लहानमोठी मासळी शेजारीशेजारी, रोगाला खंड नाही. २०१० पर्यंत अटलांटिक सालमनचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं. हजारो मजुरांची रोजी बुडाली.

मग मार्ग कुठून निघाला? फॅरो बेटांवर हाच रोग २००० साली आला होता. त्यांनी लस टोचली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. एका जागी एकाच वयाची मासळी सोडायची, ती काढली की जागा काही काळ रिकामी ठेवायची, असं ठरवलं. धंदा पुन्हा उभा राहिला. चिलीनेही पुढं शेजारशेजारच्या पिंजऱ्यांचे गट करून एकाच वेळी विश्रांती देणं सुरू केलं.

नॉर्वेत उवा मोजून आकडा सरकारला कळवावा लागतो. माशामागे सरासरी अर्ध्या मादीहून जास्त ऊ चालत नाही. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ भाग पाडले आहेत. एखादा भाग लाल ठरला तर तिथल्या उत्पादकांना उत्पादन ६ टक्के घटवावं लागतं. ज्याचे पिंजरे स्वच्छ, त्यालाही झळ बसते. म्हणून काहीजण कोर्टात गेले.

आता आपल्या शिवारात या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली, ते आपण विसरलेलो नाही. विहीर असलेला फरदड ठेवतो, कारण त्याला घरखर्चाला चार पैसे हवे असतात. त्याला शिव्या देऊन भागणार नाही. पण त्याच्या फरदडीवर जगलेली अळी पुढच्या हंगामात सगळ्या गावाच्या कपाशीवर येते. ज्वारीची पेरणी मागंपुढं झाली की उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते.

औषध एकेकट्यानं विकत घेता येतं. शिवार रिकामं ठेवणं एकट्याला जमत नाही. तेव्हा कपाशी कधी उपटायची, ज्वारी कधी पेरायची आणि फरदड सोडणाऱ्याचा तोटा कसा भरून काढायचा, हे तीन प्रश्न आपापल्या गावच्या बैठकीत मांडा आणि गावानं काय ठरवलं ते पुढच्या बैठकीला घेऊन या.