परवानगी कोण मागतंय, कशासाठी?

(बोदलकसा, ता. तिरोडा, जि. गोंदिया येथे युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या गटचर्चेत तुमच्यापैकी अनेकांनी एकच अडचण सांगितली. ऑनलाइन मुलाखत सुरू होते, समोरच्यांचा आवाज येतो, पण आपला चेहरा त्यांना दिसत नाही आणि आवाज पोहोचत नाही. गावातून तिरोड्याला किंवा गोंदियाला जाऊन, कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या मुलीची वेळ त्या खटपटीतच संपते. मग घरी ऐकावं लागतं, ‘तुला कॉम्प्युटर येत नाही.’ दोष तिचा नसतो. बहुतेक वेळा परवानगी कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली, हे शोधायचा एक क्रम आहे.

आधी वायर बघा. डेस्कटॉपला बहुधा स्वतःचा कॅमेरा नसतो, तो बाहेरून जोडलेला असतो. त्यावर झाकण असेल तर सरकवा. हेडफोनला दोन पिना असतील तर माइकची पिन गुलाबी खाचेत जाते. कॅमेरा वापरणारं दुसरं अ‍ॅप उघडं असेल तर ते बंद करा. पुष्कळदा एका वेळी एकालाच कॅमेरा मिळतो.

मग ब्राउझर. वेबसाइट पहिल्यांदा कॅमेरा मागते तेव्हा वर छोटी चौकट येते. घाईत आपण ‘ब्लॉक’ दाबतो आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. चौकट न वाचता वारंवार बंद केली, तर क्रोम काही काळ विचारणंच थांबवतं. अशा वेळी पत्त्याच्या डाव्या बाजूला पाहा. क्रोममध्ये तिथे दोन रेषा आणि दोन गोल असं चिन्ह असतं, जुन्या आवृत्तीत कुलूप. त्यावर क्लिक करा, कॅमेरा आणि मायक्रोफोन सुरू करा आणि पान पुन्हा लोड करा. पान पुन्हा लोड करायला बरेच जण विसरतात. फायरफॉक्समध्येही रोखलेल्या परवानगीचं चिन्ह पत्त्याच्या डावीकडेच दिसतं, तिथून ती मोकळी करता येते. एकापेक्षा जास्त माइक असतील तर योग्य तो निवडला आहे का, हेही तपासा.

तरीही जमलं नाही, तर अडथळा खुद्द कॉम्प्युटरचा असू शकतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग कॅमेरा असं जा. विंडोज 10 मध्ये नुसतं ‘प्रायव्हसी’ असतं. तिथे खालच्या बाजूला डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी वेगळं बटण आहे. क्रोम आणि फायरफॉक्स त्यातच येतात. ते बंद असेल, तर ब्राउझरमध्ये कितीही वेळा ‘अलाऊ’ दाबून उपयोग नाही. माइकसाठीही असंच वेगळं पान आहे.

आणखी एक. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत नसेल, तर आजचे ब्राउझर त्या वेबसाइटला कॅमेरा देतच नाहीत. तिथे सेटिंग बदलत बसू नका, पत्ता बरोबर आहे का ते पाहा. फॉर्म भरल्यावर पावती उघडत नसेल, तर नवी खिडकी रोखली गेलेली असू शकते. पॉप-अपची परवानगी फक्त त्या एका वेबसाइटला द्या, सगळ्यांना नको.

इंग्रजी सूचना अडत असतील तर विंडोजवर क्रोमची भाषा मराठी करता येते. त्यात कमीपणा काही नाही. समजून ‘हो’ म्हणणं महत्त्वाचं.

आता याची दुसरी बाजू. अडचण सुटावी म्हणून सगळीकडे ‘अलाऊ’ दाबणं धोक्याचं आहे. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं एखादं पान म्हणतं. प्रत्यक्षात ते नोटिफिकेशनची परवानगी घेतं आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्यात व्हायरसच्या खोट्या इशाऱ्यांचा, बक्षिसांचा मारा सुरू होतो. निकाल दाखवणाऱ्या पानाला तुमचा माइक कशाला हवा? शिष्यवृत्तीची माहिती वाचायला लोकेशन कशाला? कारण पटलं नाही तर नकार द्या. सेटिंग नंतर बदलता येतं.

कॅफेत तर जास्त जपायला हवं. तिथे दिलेली परवानगी तुम्ही उठून गेल्यावरही त्या ब्राउझरमध्ये राहू शकते. क्रोममध्ये गेस्ट विंडो उघडून काम करा, ती बंद केली की तुमचा इतिहास आणि लॉगिन मागे राहत नाही. ‘फक्त या वेळेपुरती’ असा पर्याय दिसला तर तोच निवडा.

हे केवळ तंत्राचं प्रकरण नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही म्हटलं आहे की संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि ठरावीक कारणासाठी दिलेली असावी, आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असावं. संमतीचा हा अर्थ आपण घरात, लग्नाच्या बोलणीत, संस्थांमध्ये मागतो. स्क्रीनवरही तो मागायला हवा.

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. ब्राउझरच्या साइट सेटिंग्ज उघडा आणि कुणाकुणाला काय देऊन ठेवलं आहे ते वाचा. नको ते काढून टाका. मग शेजारच्या मुलीला, धाकट्या भावाला, अम्मीलाही ते करायला शिकवा. माउस मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. मुलाखतीच्या दिवशी त्यांना कुणाची वाट पाहायला लागू नये.