आधी घरचा समेट



आमच्या आष्टीकडे, म्हणजे परतूर तालुक्यात, एखाद्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की ती गोष्ट गावाला कळायला फार वेळ लागत नाही. माळकरी पंढरीला जाऊन येतो, भजनात टाळ धरतो, कपाळाला बुक्का लावतो. लोक पाहतात आणि मान देतात. पण माळ घेतल्याचा पहिला हिशेब लागतो तो घरात, चुलीपाशी. म्हाताऱ्या वडिलांना अजून मटण आवडते, धाकट्या भावाला चोरून घोट घ्यायची सवय आहे, बायकोला एकाच चुलीवर सगळ्यांचे सांभाळायचे आहे. अशा वेळी माळकरी घरच्यांशी कसे बोलतो, त्यावर त्याच्या माळेची खरी किंमत घरची माणसे ठरवतात. गाव ठरवत नाही.

आज मला बोलायचे आहे ते ख्रिस्ती श्रद्धेविषयी. पण देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेविषयी नव्हे. ती श्रद्धा घेऊन माणूस आपल्याच माणसांत कसा राहिला, हे पाहायचे आहे. हा विषय आपल्याला दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. आपल्या जालन्याचेच पाहा ना.

नारायण शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला. पुढे त्यांनी आपले काम जालन्याला केले. तिथून जवळच त्यांनी बेथेल हे गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली होती. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते अशा मांग-महार कुटुंबांना तिथे घर मिळाले, शाळा मिळाली. हे झाले मोठे काम, आणि ते लोकांना माहीतही असते. पण १८४३ सालीच त्यांच्या घरात जे घडले ते फारसे कोणी सांगत नाही. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा पोरवयाचा होता. तोही थोरल्यामागोमाग मिशनच्या घरी राहू लागला. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मग दुसराच प्रश्न उभा राहिला. परक्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. एक भाऊ इकडे, एक भाऊ तिकडे, आणि मध्ये बाप. तिघांपैकी कोणाचीही माया कमी होती असे मला वाटत नाही. पण तिघांना एका पंगतीला बसवील अशी रीतच त्या काळात कोणापाशी नव्हती.

ती रीत एका मराठी नवराबायकोने पुढे पन्नासेक वर्षांनी आपल्या संसारात शोधून काढली. ती त्यांना सहज सापडली नाही, फार सोसून सापडली. आजच्या बोलण्याचा मोठा भाग मी त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे.

नारायण वामन टिळक हे नाव शिक्षक बंधुभगिनींना नवे नाही. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांच्या कविता शाळेत शिकवल्या गेल्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. टिळकांचे मन खिळले ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी. या प्रवचनात एक मोठी अवघड गोष्ट सांगितलेली आहे. तू देवापुढे अर्पण घेऊन आलास, आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. म्हणजे देवाची भेट थांबू शकते, भावाची थांबू शकत नाही!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इकडे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आपल्या माणसांत होती, पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. तिच्यावर ही बातमी कोसळली. बाई कोणत्या घरातली, हे ध्यानात घ्या. तिचे वडील नाशिकजवळच्या जलालपूरचे. त्यांचे सोवळे असे कडक की बाजारचा जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही, मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. अशा बापाच्या लेकीचा नवरा ख्रिस्ती झाला! ती आजारी पडली, जिवावर उदार झाली. मला येथे स्पष्टच म्हटले पाहिजे. निर्णय टिळकांचा होता आणि त्याची पहिली किंमत मोजली ती लक्ष्मीबाईंनी. मोठ्या माणसांच्या चरित्रात ही बाजू आपण भराभर वाचून पुढे जातो. तसे जाऊ नये.

त्यानंतर चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. पत्रे चालू होती. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरकडे टिळकांपाशी आल्या, पण आपला धर्म घेऊनच आल्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याच्या हातचे पाणी बायको पीत नाही, आणि नवरा ते चालवून घेतो, असा तो संसार. टिळक स्वभावाने शांत होते असे समजू नका. भलतेच तापट, हातात पैसा आला की वाटून मोकळे होणारे, घरात उद्या काय शिजेल याची फिकीर नसणारे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याचे हे सगळे गुण मोठ्या गमतीने सांगून टाकले आहेत. पण त्या तापट माणसाने या एका बाबतीत बायकोवर जोर केला नाही. घराचा धनी म्हणून त्यांना ते त्या काळी सहज करता आले असते, आणि कोणी नावही ठेवले नसते. माझ्या मते टिळकांचे ख्रिस्तीपण त्यांच्या कवितेइतकेच या चुलीपाशी दिसते.

पुढे राहुरीच्या दिवसांत लक्ष्मीबाईंचे मन आपल्या आपण फिरले. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा फरक माणसामाणसांत दिसला असता, असा त्यांचा विचार चालला. आणि एकदा मनाचा निश्चय झाल्यावर बाईंनी ठरवले की आता कोणाच्याही हातचे पाणी घ्यायचे. आधी जात गेली, बाप्तिस्मा मागून आला, १९०० साली. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती हे महार-मांग समाजांतून आलेले. मीठ धुणाऱ्या बापाची लेक त्यांच्यात उठू-बसू लागली, जेवू लागली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धर्म बदलला म्हणजे पंगतीतली जात लगेच उठून गेली असे सर्वत्र झाले नाही. ख्रिस्ती झालेल्यांतही ती पुष्कळ दिवस मागच्या दाराने येत राहिली. त्यामुळे लक्ष्मीबाईंनी जे केले त्याचे मोल अधिकच.

या घराचे दार कसे होते याची आणखी एक साक्ष आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलाची कविता गाजली. तेच आपले बालकवी. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले. तो त्या ख्रिस्ती घरात वाढला आणि हिंदूच राहिला. त्याने आपल्यासारखे व्हावे ही अट ना जेवणाला होती, ना मायेला. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली तो गेला. पुढच्याच वर्षी, मे १९१९ मध्ये, टिळकही गेले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी, तिच्यासाठी निराळे भाषण हवे. एवढेच सांगतो की १८९३ साली पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर जो गहजब झाला, तो त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी विधवा मुली येऊन बसतात म्हणून झाला. आपल्या घरात आपण प्रार्थना करावी, आणि दार लावून घेऊ नये, हा रमाबाईंचा आग्रह. मुली विश्वासाने सोपवलेल्या, त्यांच्या पालकांना धास्ती वाटली, यात नवल नाही. दोन्ही बाजूंना दुखावणारे ते प्रकरण होते.

आपल्याकडे दारात पाहुणा आला की पायांवर घ्यायला तांब्याभर पाणी देतात. पाणी देतो, पाय मात्र ज्याचे त्याने धुवायचे. येशूने मरणाच्या आदल्या रात्री कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय स्वतः धुतले, अशी कथा आहे. गुरूने असे करावे हे शिष्यांना पटेना. आपल्या घरात हे कोणी कोणाचे केले असते, असा विचार मनात आला म्हणजे त्या शिष्यांची अडचण आपल्याला बरोबर कळते. सासूने सुनेचे? बापाने लेकाचे? मुकादमाने ऊसतोड्याचे? ख्रिस्ती माणसाला रविवारी चर्चमध्ये ही कथा ऐकायला मिळते आणि सोमवारी सकाळी घरात ती अंगावर येते.

माझ्या शिक्षक मित्रांना जाता जाता एक सुचवतो. शाळेच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' असेल तर बाहेर काढा. लक्ष्मीबाईंचे शाळेतले शिक्षण झालेले नव्हते. नवऱ्याने जे शिकवले तेवढेच, आणि जोडाक्षरे लिहिताना तर त्यांची कायमची पंचाईत. तरीही टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायन' या काव्याचा बहुतेक भाग याच बाईने लिहून काढला. मुलांना आधी जलालपूरच्या वडिलांचे सोवळे वाचून दाखवा. पोरे पोट धरून हसतील. मग काही दिवसांनी राहुरीचा भाग वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच काही समजावून सांगू नका. मधल्या सुट्टीत कोण कोणाच्या बाटलीतले पाणी पितो, एवढे मात्र पाहा.